स्काडाचं लायसन्स, गेटवे, केबल: बिलात एक, पॅनेलमध्ये दुसरंच

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या लहान कारखानदारांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. मशीनचा डेटा कॉम्प्युटरवर आणून देतो, असं सांगत सध्या बरेच जण शेडमध्ये येतात. त्यातले पुष्कळ प्रामाणिक आहेत. आम्हाला भेटला तो नव्हता, आणि तो अजूनही नाशकात कामं घेतो आहे.

आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे. वाहनांचे सुटे भाग आमच्याकडे हार्डनिंगला येतात आणि ग्राहक कंपन्या सीक्यूआय-९ या हीट ट्रीटमेंटच्या मानकाप्रमाणे ऑडिट करतात. भट्टीच्या तापमानाची नोंद सलग लागते, मध्ये खंड चालत नाही. म्हणून सगळ्या भट्ट्यांचे टेंपरेचर कंट्रोलर आरएस-४८५ लाइनवर (अनेक उपकरणांचा डेटा नेणारी तारेची लाइन) जोडायचे आणि गेटवेतून (ही लाइन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) स्काडाला, म्हणजे मशीनचा डेटा स्क्रीनवर दाखवून साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यायचे, असं काम ठरलं. कोटेशनमध्ये नामांकित युरोपियन कंपनीचा गेटवे, शील्डेड ट्विस्टेड पेअर केबल आणि आमच्या फर्मच्या नावावर स्काडाचं रनटाइम लायसन्स (सॉफ्टवेअर चालवायचा परवाना), असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

कमिशनिंग झालं, स्क्रीनवर आकडे आले, बिल चुकतं झालं. मग रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, स्क्रीन मध्येच काळी होते आणि आपोआप परत येते." ट्रेंड (तापमानाचा आलेख) उघडून पाहिला तर जवळजवळ दोन-दोन तासांनी रेषा तुटलेली. स्काडाची बरीच पॅकेजेस लायसन्स नसलं की डेमोमध्ये चालतात आणि ठरावीक वेळाने, बहुधा दोन तासांनी, बंद पडतात. या गृहस्थाने विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक स्क्रिप्ट घालून ठेवली होती. मुदत भरायच्या आत सॉफ्टवेअर बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं, एवढंच तिचं काम. घाईत राहून गेलेली ही गोष्ट नाही. शांतपणे बसून, आम्हाला कळू नये म्हणून केलेली आहे. भट्टीत माल असताना नोंद तुटली तर पूर्ण बॅच संशयात येते, हे त्याला माहीत होतं, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचा येतो.

विचारल्यावर उत्तर आलं, "साहेब, डाँगल कंपनीकडून यायचाय, तोवर टेंपररी लावलंय." (डाँगल म्हणजे कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी.) आम्ही थेट सॉफ्टवेअर कंपनीला ईमेल केला. आमच्या फर्मच्या नावावर एकही लायसन्स त्यांनी दिलेलं नव्हतं.

मग पॅनेल उघडलं. गेटवेवरचा सीरियल नंबर त्या युरोपियन कंपनीला कळवला, तर असा नंबर त्यांच्या नोंदीत नाही. स्टिकर सोलला तर खाली दुसरंच, बिननावाचं लेबल. केबल तर साधी मल्टिकोअर निघाली, ना पीळ ना शील्ड, आणि प्रत्येक भट्टीकडून स्वतंत्र तार थेट पॅनेलला आणलेली. आरएस-४८५ची लाइन एका उपकरणातून पुढच्या उपकरणात अशी साखळीने जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. आमच्याकडे एकही नव्हता. ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू झाला की रीडिंग उड्या मारायचं. त्यावर त्याने काय सांगावं? कंट्रोलर जुने झालेत, नवे घ्या. नव्या कंट्रोलरचं कोटेशनसुद्धा पाठवून दिलं! कंट्रोलर पूर्णपणे चांगले होते. केबल आणि जोडणी बदलल्यावर तेच कंट्रोलर आज व्यवस्थित चालू आहेत.

आणखी एक थाप सांगितली पाहिजे, कारण ती तुम्हालाही ऐकायला मिळेल. "तुमच्या कंट्रोलरचा प्रोटोकॉल प्रोप्रायटरी आहे, त्याला आमचाच गेटवे लागतो." कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलचा, म्हणजे उपकरणांच्या आपसातल्या भाषेचा, रजिस्टर मॅप (कुठला आकडा कुठल्या पत्त्यावर आहे ती यादी) छापलेला होता. मॉडबस मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आणला आणि तो खुला आहे, कुठलाही नीट गेटवे तो वाचतो. मॅन्युअल काढा, बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायची सेटिंग) आणि रजिस्टरचे पत्ते बघा, यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर एक तापमान वाचून दाखवायला सांगा. जो हे तुमच्यासमोर करत नाही, त्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) देऊ नका.

शेवटचा हप्ता देण्याआधी मी आता हे पाहतो: लाइनवरची सगळी उपकरणं बंद करून केबलच्या ए आणि बी तारांमध्ये मल्टिमीटर धरायचा. दोन्ही टोकांना रेझिस्टर असतील तर साधारण ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एकच आहे. लायसन्सचं पत्र आपल्या फर्मच्या नावाने हवं आणि ते सॉफ्टवेअर कंपनीकडून परस्पर पडताळून घ्यायचं. टॅक्स इनव्हॉइसवर मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर हवा. "ऑटोमेशन साहित्य" एवढंच लिहिलेलं बिल परत करायचं. स्काडाची प्रोजेक्ट फाईल, पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) असेल तर त्याचा मूळ प्रोग्रॅम आणि सगळे पासवर्ड हातात आल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरायचं नाही. पासवर्ड अडवून पुढे दर बदलाला पैसे मागितल्याची तक्रार मी शेजारच्या शेडमध्येही ऐकली आहे.

तक्रारीचं म्हणाल तर धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सहसा बसत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या फर्मला ग्राहक आयोगाचा रस्ता जवळपास बंद आहे. उरतो वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा, आणि फसवणुकीचा हेतू दाखवता आला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत फिर्याद. आम्ही नोटीस दिली आहे.

हेतू दाखवायला पुरावा लागतो, म्हणून संशय आला की आधी त्याला फोन करू नका. स्टिकरचे, वायरिंगचे फोटो काढा, टास्क शेड्युलरमधली ती स्क्रिप्ट आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी पेनड्राइव्हवर घ्या, तुटलेल्या ट्रेंडचे प्रिंट काढा. आमचा फोन गेल्यावर त्याने लगेच माणूस पाठवला होता, कॉम्प्युटर "सर्व्हिसिंगला" न्यायला.