लुईस रचना: आधी बेरीज की आधी हात?

लुईस रचना म्हणजे रेणूतले बंध रेघांनी आणि उरलेले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारं चित्र. क्लोरोफॉर्मची (CHCl₃) अशी रचना काढायच्या दोन वाटा आहेत. पहिली हिशेबाची: कार्बनचे ४, हायड्रोजनचा १, तीन क्लोरीनचे २१, एकूण २६ संयुजा (सर्वांत बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन. चार बंधांत ८ गेले, उरले १८. म्हणजे प्रत्येक क्लोरीनवर तीन एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोड्या.

दुसरी वाट ‘हात’, म्हणजे अणू किती बंध करतो ते, मोजायची. कार्बनला चार, हायड्रोजनला आणि हॅलोजनला (क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांना) एकेक. हात जुळवले की सांगाडा तयार! साध्या रेणूंसाठी मला हीच आवडते. बेरीज करेपर्यंत इकडे चित्र पूर्ण होतं. विनाइल क्लोराइडमध्ये (C₂H₃Cl) दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा राहतो, तिथे दुहेरी बंध आपोआप सुचतो.

खोट एकच. रेघा जुळल्या की काम झालं असं वाटतं आणि क्लोरीनवरचे सहा ठिपके राहून जातात. (गुण तिथेच जातात.) त्यामुळे सांगाडा हातांनी, पडताळा बेरजेने. विनाइल क्लोराइडचे १८ भरले पाहिजेत: सहा बंधांचे (दुहेरी बंध दोन धरून) १२, क्लोरीनवरचे ६.

मात्र डायक्लोरोइथेनमध्ये (C₂H₄Cl₂) दोन्ही क्लोरीन एकाच कार्बनवर की वेगवेगळ्या, हे बेरीज सांगत नाही. त्याच्या दोन्ही रूपांत २६च येतात. तिथे नावातले आकडेच बघावे लागतात.