आठ महिन्यांनंतर हिमस्खलन बीकन: सगळं चांगलं, सेलचं झाकण सोडून

बेळगावच्या टिळकवाडीत राहून हे कशाला असं घरचे पण विचारत होते, पण दर फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला जातो आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या बाजूला उतरायचं तर बीकन (बर्फाखाली दबलेल्याला शोधायला रेडिओ सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं तिन्ही पाहिजेतच.

काम एक नंबर. 457 किलोहर्ट्झचा आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या बीकनशी जुळतोय, सरावाला दुसरा बीकन घालून पुरलेली पिशवी चार मिनिटांत सापडली. सर्च करताना मोबाईल तेवढा अर्धा मीटर लांब ठेवा.

तिथल्या गाईडनं खड्डा खणून दाखवला ते डोळ्यासमोरून जात नाही. वर दोन फूट घट्ट बर्फ आणि तळाला जाड रव्यासारखे दाणे, मुठीत दाबले तरी लाडू वळेना, सगळं बोटांतून गळालं. सुरुवातीचा थर पातळ, वर कडाक्याची थंडी, खाली जमीन त्यामानानं गरम, म्हणून आतली वाफ वर चढते आणि दाणे सुटे होतात, मग त्यावर मोठा बर्फ पडला की 30-45 अंशांच्या उतारावर लादीच्या लादी सुटते. दबलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तरच खरी आशा. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद 2016 ला सियाचीनमध्ये सहा दिवसांनी जिवंत निघाले आणि तरी गेले, ते इकडं कोण विसरलंय?

आता राग. आपला पाऊस माहीतच आहे, ऑगस्टमध्ये माळ्यावरून काढला तर झाकण उघडेना, नाण्यानं उघडलं तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर, मधला सेल फुगून गळालेला. तीस हजाराच्या वस्तूच्या झाकणाला साधं रबर नाही! विकणारे सांगालेत सेल गळाला तर वॉरंटी नाही, पाठवा, महिना लागेल.

इथंवर रागात लिहिलं होतं, मग मॅन्युअल काढलं. सीझन संपला की सेल काढून ठेवा असं त्यात आहे, म्हणजे चूक माझी पण आहे. पण तेवढं झाकणावरच छापायला काय जातंय?

खडे बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी व्हिनेगरनं पुसून दिला, 150 रुपये, चालू झाला, बॅटरी 97 टक्के, लई बरं वाटलं. मग येळ्ळूर रोडच्या माळावर मित्राच्या बीकनसोबत लावून बघितला. आधी 40 मीटरवरून सिग्नल मिळायचा, आता 18, आणि जरा हलवला की बंद.

दोन स्टार झाकणाचे कापलेत. फेब्रुवारीसाठी तोच मॉडेल परत घेतोय, पैसे जातात तर जाऊ देत. जुन्यावर मार्करनं लिहिलंय, ‘फक्त सरावाला, डोंगरावर नको’.