हार्वी मिल्कचा दुर्लक्षित अल्बम: ‘अ स्मॉल टर्न ऑफ ह्यूमन काइंडनेस’

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सचा हार्वी मिल्क हा बँड आणि त्याचा २०१० सालचा हा अल्बम यांची नावे नॉइज रॉक (गोंगाट आणि विस्कटलेला आवाज मुद्दाम वापरणारे रॉक) आणि स्लज मेटल (संथ, जड आणि खरखरीत मेटल) मन लावून ऐकणाऱ्या पुणेकरांच्या बोलण्यातही फारशी येत नाहीत. मेल्विन्स, आयहेटगॉड या त्याच धाटणीच्या अमेरिकी बँडवर तासन्‌तास चर्चा होते, पण हा अल्बम मागेच राहतो, याची मला मनापासून खंत वाटते. तो काढणाऱ्या हायड्रा हेड या ध्वनिमुद्रण कंपनीने २०१२ च्या अखेरीस नवे अल्बम काढणे थांबवले, त्यामुळे त्याचा पाठपुरावा करणारेही फारसे कोणी उरले नाही.

एकूण सात गाणी आणि सुमारे ३७ मिनिटे असा आटोपशीर पसारा असला, तरी ही एकच सलग रचना आहे. पहिला भाग केवळ वाद्यांचा असून त्याला शीर्षक म्हणून फक्त एक तारांकन दिले आहे. पुढच्या सहाही शीर्षकांत कोणी एक जण स्वतःविषयी बोलतो. ‘आय जस्ट वॉन्ट टू गो होम’पासून ‘आय डिड नॉट कॉल आउट’पर्यंतची ही शीर्षके ओळीने वाचली, तरी एका खचलेल्या माणसाचा जबाब वाचल्यासारखे वाटते.

खरी करामत लयीत आहे. सवाईच्या मंडपात विलंबित ख्याल ऐकून ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना संथ लय म्हणजे सैल लय नव्हे, हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की ख्यालात दोन मात्रांमधली जागा तबल्याचा ठेका भरून काढतो, तर इथे खालच्या पट्टीत उतरवलेली गिटार, बास आणि ड्रम एकदम थांबतात, आघाताचा रेंगाळणारा नाद विरत जातो आणि पुढचा आघात कधी येणार हे मोजण्याचे काम श्रोत्यावर येऊन पडते. तो येतो तेव्हा तिन्ही वाद्ये नेमकी एकत्र असतात. एवढ्या संथ गतीत असा मेळ राखणे वेगात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

याच बँडचा ‘द प्लीझर’ हा आधीचा अल्बम म्हणजे उघडउघड नाचरा बूगी रॉक (ब्लूजच्या ठेक्यावरचा रॉक) होता आणि २००८ च्या ‘लाइफ... द बेस्ट गेम इन टाउन’मध्ये वेग होता, थट्टाही होती. इथे ते सारे निग्रहाने वगळले आहे. बँडचे गायक क्रेस्टन स्पायर्स यांचा आवाज फाटतो, घोगरा होतो, पण त्यात आव कुठेच नाही. शब्द मात्र नीट कळत नाहीत, ही उणीव मान्य करायला हवी. गाण्यांचे बोल समोर ठेवूनच ऐकावे. दुःखाला कुठे उतार नसल्यामुळे काहींना मधला भाग जड जाईल.

मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि रचनेचा पायाच निघून जातो. कर्वे रस्त्यालगतच्या घरात दिवसा रहदारीच्या आवाजात त्या विरामांचाही चुराडा होतो, म्हणून रात्री, खिडक्या लावून, चांगल्या हेडफोनवर किंवा शेजाऱ्यांची हरकत नसेल तर मोठ्या स्पीकरवर ऐकावा. बास लागला की कपाटाच्या काचा बारीक थरथरतात. हा बँड तुमच्यासाठी अगदीच नवा असेल तर आधी २००८ चा अल्बम ऐकावा आणि मग इकडे वळावे. मेल्विन्सची संथ गाणी ज्यांना प्रिय आहेत, त्यांनी मात्र थेट इथूनच सुरुवात करावी आणि एकही गाणे मधून उचलून ऐकू नये.