रेस्क्यू कुत्री पोचवायची रिले ड्युटी: सहा महिने, नऊ कुत्री, माझा रिव्ह्यू

पाचातले चार स्टार. एक कशाचा कापला ते पुढे येईलच.

आधी हे काय आहे ते सांगतो, कारण मला पण माहीत नव्हतं. सातारा, कराड, कोल्हापूर साइडला जी पिल्लं किंवा अपघातातली कुत्री रेस्क्यू होतात त्यांना तिथल्या तिथे घर मिळायचं अवघड, त्यातून मादी असली की संपलंच, "नको बाबा, पिल्लं घालत बसेल" हे ठरलेलं उत्तर. मग फोटो इन्स्टावर पडतो आणि घर मिळतं ठाण्यात नाहीतर खारघरला. आता कोल्हापूरचं कुत्रं ठाण्याला जाणार कसं? रेल्वेत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि घाबरलेलं पिल्लू त्या पेटीत एकटं टाकायला कुणाचा हात धजत नाही. पेट टॅक्सीचा आकडा ऐकून तर घर देणारेच गप्प होतात. म्हणून हा व्हॉट्सॲप ग्रुप. एक जण कोल्हापूर ते सातारा, दुसरा सातारा ते पुणे, तिसरा पुणे ते मुंबई, आपापली गाडी, आपापलं पेट्रोल (मागितलं तर पेट्रोल-टोल देतात, मी एक्सप्रेसवेचा टोल दोनदा घेतला, नंतर लाज वाटली). ग्रुपचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ही माणसं नोकरी सांभाळून फुकट राबतायत.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत पण यावरून वाद झाला. रस्त्यावर नीट जगणारं कुत्रं उचलून दुसऱ्या शहरात नेऊन सोडणं म्हणजे हे काम नव्हे. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असं २०२३ च्या एबीसी रूल्समध्ये (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे सरकारी नियम) आहे. आमच्याकडे येतात ती आई मेलेली पिल्लं, तीन पायांची, किंवा हौस फिटल्यावर कुणीतरी हायवेला सोडलेली लॅब्रेडॉर. आणि प्रत्येकाचं घर आधी ठरलेलं असतं, फॉर्म, घर बघून येणं, सगळं झाल्यावरच आम्हाला मेसेज.

तो मेसेज मला फार आवडतो, एकदम तलाठ्याच्या उताऱ्यासारखा. फोटो, अंदाजे वय, वजन, एआरव्ही (रेबीजची लस) कधी दिली, नसबंदी झालीय का, गाडी लागते का, माणसांना घाबरतं का, पिकअप, ड्रॉप, दोन्हीकडचे नंबर. सोबत लसीचं बुकलेट आणि डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र, ते मी आता दोनदा बघून घेतो. नव्यांनी पण हे मागाच, लाजू नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, त्यामुळे त्याहून लहान पिल्लू असलं तर ती झालेली नसणार हे धरून चला आणि हात तोंडात घालून खेळू नका.

पहिली फेरी. सातारा ते वाशी, कारण मधला माणूस आजारी पडला म्हणून दोन्ही टप्पे मीच घेतले. नाव गुंडी, पाच महिन्यांची, तपकिरी, कान एक उभा एक पडलेला. ज्या काकूंनी तिला सांभाळलं होतं त्यांनी निघताना डोळे पुसत सांगितलं, "दहीभात भरवलाय हो पोटभर, लांबचा प्रवास ना." प्रवासाला निघताना हातावर दही हे माणसांसाठी ठीक आहे. खंबाटकी चढेपर्यंत तो दहीभात माझ्या मागच्या सीटवर होता, आणि भाचा (सोबत आला होता, हौसेनं) खिडकीतून डोकं बाहेर काढून "मामा, थांबव, मला पण होतंय" करत होता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की निघायच्या चार-सहा तास आधीपासून खाणं बंद, पाणी थोडं थोडं, आणि फारच गाडी लागत असेल तर त्यांना विचारून गोळी. हे मी आता पिकअपवाल्यांना आदल्या रात्री फोन करून सांगतो, प्रेमानं पण दरडावून.

खेड शिवापूरच्या अलीकडे चहाला थांबलो तर टपरीवाल्या मावशींनी गुंडीला नीट न्याहाळलं, मग मला. "कुठं चालवलं हे गावठी?" म्हटलं मुंबईला. "का, मुंबईत कुत्री नाहीत?" याला माझ्याकडे अजून पण धड उत्तर नाही.

आता मेन मुद्दा. या कामात गाडी चालवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते गाडीचं दार उघडणं. कुत्रं गाडीत असतं तोवर कुठे जात नाही, ते पळतं पार्किंगमध्ये, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, कारण सोडणारा म्हणतो धरलं असेल, घेणारा म्हणतो अजून त्यांच्याच हातात आहे. माझ्या चौथ्या फेरीला नेमकं हेच झालं. एक्सप्रेसवेवरच्या एका फूड मॉलच्या पार्किंगला काळूला पाय मोकळे करायला उतरवला, साधा पट्टा होता गळ्यात, त्यानं मागे सरकून मान फिरवली आणि पट्टा माझ्या हातात, काळू ट्रकांच्या मध्ये. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मान जाड, साधा पट्टा उलटा ओढला की सरळ निघून येतो हे मला तेव्हा कळलं. मी मागे धावणार तेवढ्यात भाच्यानं माझा शर्ट धरला. "मामा, पळू नको, बस खाली." दोघं तिथेच डांबरावर बसलो, त्याच्याकडे पाठ करून, आणि भाच्यानं पार्ले-जीचा पुडा नुसता चुरचुरवला. काळू किती लांब होता काय माहीत, पण तो आवाज न ओळखणारं गावठी कुत्रं महाराष्ट्रात जन्माला यायचंय. मिनिटभर लागलं असेल, मला तासभर वाटलं, माझे हात पनवेल येईपर्यंत थरथरत होते आणि गाडी भाच्यानं चालवली.

तेव्हापासून माझा नियम, आणि ग्रुपनं पण आता तो मेसेजमध्ये टाकलाय: दोन पट्टे, एक हार्नेसला (छातीभोवती बांधायचा पट्टा), एक गळ्यात आवळणारी स्लिप लीड. दार उघडायच्या आधी लीड हातात, नुसती बोटात नाही तर मनगटाला गुंडाळून. घेणाऱ्यानं "घेतलं" असं मोठ्यानं म्हणायचं, मगच आपली सोडायची. हसतात लोक, हसू दे.

दोन महिन्यांच्या पिल्लांचं उलटं, त्यांना खाली उतरवायचंच नाही. लसी पूर्ण नसतात आणि पार्व्होचा (पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, दहा कुत्री जिथे मुतून गेली तिथे आपलं पिल्लू ठेवायचं म्हणजे झालंच. पेपर घाला, घाण होऊ दे. नंतर प्लास्टिकचा ट्रे ब्लीचच्या पाण्यानं पुसा, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, फिनाइलनं तो व्हायरस मरत नाही.

सामानात दोनच गोष्टी घ्या. मागच्या सीटला झोळीसारखं लटकणारं वॉटरप्रूफ कव्हर, मी ऑनलाइन घेतलं, दहीभातानंतर दुसऱ्याच दिवशी, आणि आजपर्यंत एक थेंब सीटवर गेला नाही, फक्त त्याचे क्लिप फालतू आहेत, दोन तुटले, आता नाड्यांनी बांधलंय. दुसरं म्हणजे सोबत माणूस. एकट्यानं जाऊ नका, कारण कुत्र्याला बंद गाडीत उन्हात ठेवता येत नाही, पाच मिनिटं पण नाही, आणि कुत्र्याला घेऊन टॉयलेटमध्ये जाता येत नाही. हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं आणि पुणे ते ठाणे हे अंतर त्या दृष्टीनं फार मोठं आहे.

आता कापलेला स्टार. वेळ. सकाळी सातचा पिकअप म्हणजे साडेआठ हे मी मान्य केलंय, पण एकदा मी खालापूर टोल ओलांडल्यावर घर देणाऱ्यांचा फोन आला की "आई नाही म्हणतेय". होम चेकला आईला विचारलं नव्हतं का कुणी? कोऑर्डिनेटर ताईंनी मात्र दोन तासांत नेरूळला तात्पुरतं घर शोधलं, एकदाही आवाज न चढवता, आणि पुढच्या पंधरा दिवसांत पक्कं घर पण, म्हणून पूर्ण स्टार कापला तरी ताईंसाठी तो कापलेला धरू नका. पोचवल्यानंतरची बातमी पण कुणी कळवत नाही. तीन तास मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं पिल्लू कसं आहे हे विचारायला आपणच मेसेज करायचा आणि निळी टिक बघत बसायचं. गुंडीचे फोटो येतात फक्त, पडलेला कान आता उभा राहिलाय, त्यामुळे ओळखूच येत नाही.

आणि वजन. वजन कधीही खरं नसतं. बारा किलो म्हणून सांगितलेलं कुत्रं एकोणीस निघालं, मी एकट्यानं उचलून गाडीत घातलं, पाठ आठवडाभर धरली होती.

या रविवारी पुन्हा सातारा. मेसेजमध्ये चौदा किलो लिहिलंय, मी वीस धरून चाललोय, भाच्याला सांगितलंय.