हेडलाइटचं रिले किट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या हॅचबॅकला हे किट आणि साधे ६०/५५ वॉटचे (अपर/डिपर) एच४, म्हणजे दोन फिलामेंटचे हॅलोजन बल्ब बसवून आठ महिने झाले. अख्खा पावसाळाही त्यात निघाला.

उजेड कमी पडतो म्हटलं की दुकानात १००/९० वॉटचा बल्ब नाहीतर एलईडी पुढे येतो. त्याआधी व्होल्टेज मोजा. इंजिन आणि डिपर (खालचा झोत) चालू ठेवून, बल्ब होल्डरमध्येच असताना मागून मल्टिमीटरच्या सुया लावायच्या. बल्ब काढून मोजलंत तर तारेवर लोडच नसतो, आकडा फसवा येतो. या गाडीत बॅटरीवर १३.९ आणि बल्बवर जेमतेम ११.९ व्होल्ट होते. सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक तारांनी फिरून येतो आणि वाटेतच दोन व्होल्ट जिरतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो, म्हणजे जवळपास ४० टक्के उजेड इथेच गेला. किटनंतर त्याच जागी १३.४ मिळतात. फरक रस्त्याच्या डाव्या कडेला लगेच दिसतो.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. किटचा प्लग एका बाजूच्या मूळ होल्डरला जातो. तिथून आता रिलेला फक्त इशारा मिळतो, बल्बचा करंट थेट बॅटरीवरून येतो. दुसऱ्या बाजूचा मूळ होल्डर रिकामा राहतो, त्याला टेप गुंडाळून तोंड खाली करून बांधा. रिलेच्या पिनाही खालच्या दिशेला हव्यात, नाहीतर पाणी आत उतरतं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. काही गाड्यांत स्विच अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूला असतो, त्यांना हे किट आहे तसं चालत नाही.

तक्रारी दोन. पाचव्या महिन्यात उजवा दिवा लुकलुकू लागला. अर्थच्या तारेची रिंग गाडीच्या पत्र्यावर, रंगावरच कसली होती, खाली गंज धरला. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून वर व्हॅसलिन लावल्यावर थांबलं. दुसरी, किटसोबतचा फ्यूज होल्डर ढिला आहे, हाताला गरम लागतो. तो बदलून घ्याच. विकत घेताना तारेचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका.

१००/९० च्या उष्णतेनं प्लास्टिकचा होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते. एलईडीचं दुखणं वेगळं आहे. हॅलोजनमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली बारीकशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून भिंतीवर वरची कड कापल्यासारखी सरळ पडते. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी सरकली तरी ती कड फाटते आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो. हे मला अजिबात मान्य नाही.

बल्ब बदलल्यावर सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, लेव्हलिंगचं (झोत वर-खाली करायचं) बटण शून्यावर ठेवा. डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली हवी.

व्होल्टेज पूर्ण मिळालं की बल्बचं आयुष्य बरंच घटतं, हे धरून चाला. बदलताना जोडीनं बदला, काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटनं पुसा. दिव्यामागचं रबरी झाकण (बूट) नीट बसलं नाही तर पहिल्याच पावसात दिव्यात वाफ धरते.