टॉवर मागायचा की वाड्याचं स्वतःचं जाळं उभारायचं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रेंज म्हणजे घरातली एक ठरावीक जागा. आमच्याकडे ती खिडकीची उजवी चौकट. त्यामुळे मोबाइलचा टॉवर मागायचा की छपराछपरांवर वायफाय लावून घरं एकमेकांना जोडायची, हा प्रश्न तुमच्याही वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, निघाला असणार.

चालत्या माणसाला सांभाळतो तो टॉवरच. चोर्ला घाटात गाडी बंद पडली किंवा रात्री 108 ला फोन लावायचा झाला, तर छपरावरचं वायफाय काय कामाचं? देखभालही आपल्या गळ्यात नाही. पण किल्लीही आपल्या हातात नाही, आणि मला सलतं ते हेच. जुलै 2024 मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, आपण मुकाट भरले. सरकारी आदेश आला की सगळंच थांबतं. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 ला गेलेलं 4जी परतलं ते फेब्रुवारी 2021 मध्ये. गेल्या पावसात आमच्याकडे वीज गेली, काही तासांत टॉवरही मुका झाला. तक्रारीला उत्तर द्यायला जवळपास माणूसच नव्हता.

वाड्याच्या जाळ्यात तो माणूस शेजारी असतो. वायफाय ज्यावर चालतं तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 पासून परवानामुक्त आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात 2004 मध्ये सुरू झालेलं गिफी-नेट हे लोकांचं जाळं असंच घराघरांतून वाढत हजारो ठिकाणी पोचलं. आपल्याकडे खरी अडचण कुळागराची, म्हणजे घराभोवतीच्या माडा-पोफळींच्या बागेची. एका छपरावरून दुसरं छप्पर दिसायला हवं, आणि पावसात भिजलेल्या माडा-पोफळींतून सिग्नल पार होत नाही. अडॅप्टरमध्ये मुंग्या घर करतात, तारेच्या टोकाला हिरवा गंज चढतो. भर आषाढात शिडी कोण चढणार, हे आधी ठरवा.

बाहेरचं इंटरनेट शेवटी विकतच घ्यावं लागतं, म्हणून बंदीचा आदेश आला तर तेही जाईल. मात्र वाड्यातल्याच छोट्या सर्व्हरवर ठेवलेले शाळेचे धडे आणि आपसांतले निरोप चालू राहतात. घरचं कनेक्शन तसंच वाटू नका, करारात सहसा मनाई असते. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेतून गेलात, तर वायफाय पुरवणाऱ्याला परवाना लागत नाही.

माझं मत विचाराल तर सिम सोडू नका. दहा-बारा घरं जवळ असतील आणि शिडी चढणारे किमान दोघं मिळत असतील, तर जाळं जरूर उभारा. एकावर विसंबू नका. तो कामाला पुण्याला गेला की वाडा पुन्हा खिडकीपाशी. राउटरचा पासवर्ड तीन वेगवेगळ्या घरांत लिहून ठेवा.