घाना की माली: सुरुवात कुठून करावी?

पश्चिम आफ्रिकेत मध्ययुगात व्यापारी राज्यं कशी उभी राहिली हे नीट समजून घ्यायचं असेल, तर निवड शेवटी घाना आणि माली या दोन जुन्या राज्यांत येते (याच नावांचे आजचे देश नव्हेत). त्यांच्यानंतरचं सोंघाई राज्य मागाहून वाचलेलं चालतं. सोंघाईचा राजा सोन्नी अली यानं १४६८ मध्ये टिंबक्टू हे व्यापारी शहर घेतलं, तोवर व्यापाराची घडी केव्हाच बसली होती.

घानाचं मोठं आकर्षण म्हणजे जकात. अल-बक्री या अरबी भूगोलकारानं १०६८च्या सुमारास दर दिले आहेत. मिठाचं एक गाढवओझं राज्यात शिरलं की एक दिनार (सोन्याचं नाणं), बाहेर पडलं की दोन. तांब्याच्या ओझ्याला पाच मिस्काल (एक मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोनं). सोन्याचे गोळे राजाचे, बारीक कण लोकांचे; सगळंच बाजारात आलं तर भाव राहणार नाही, हे त्यामागचं कारण. नाक्यावरच्या वसुलीतून राज्य कसं उभं राहतं ते इथे चार ओळींत कळतं. इतकी स्वच्छ मांडणी मालीबद्दल मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

पण अल-बक्री अंदालुसियाबाहेर, म्हणजे मुस्लिम स्पेनबाहेर, कधी गेलाच नाही. ऐकलेलं आणि जुन्या ग्रंथांत वाचलेलं त्यानं लिहिलं, आणि ते पडताळू गेलं की अडखळायला होतं. राजाचं गाव आणि मुसलमान व्यापाऱ्यांचं गाव यांत सहा मैलांचं अंतर होतं, असं तो म्हणतो. आजच्या मॉरिटानियातल्या कुंबी सालेहला दगडी घरं आणि मशीद सापडली, राजाचं गाव मात्र नाही. १०७६ साली उत्तरेकडच्या अल्मोराविद या बर्बर घराण्यानं घाना जिंकल्याचं अनेक पुस्तकं ठामपणे सांगतात. आपला मुख्य साक्षीदार त्याच्या आधीच लिहून मोकळा झालेला, आणि त्या विजयाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. दर दोन पानांनी ‘असं म्हणतात’ लिहावं लागतं. माझं मन घानावरून उडालं ते इथेच.

मालीत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता स्वतः गेला. १३५२ मध्ये मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून निघून पंचवीस दिवसांनी तो सहारातल्या तघाझाच्या मिठागरावर पोचला. तिथे घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. मिठाचं एक ओझं वाळवंटाच्या कडेच्या वलाता गावात आठ ते दहा मिस्कालांना जाई, मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस. मधली वाट झपाट्यानं चालणाऱ्याला चोवीस दिवसांची. भाव अडीच-तीन पट का होतो आणि त्या वाटेवर ज्याचा ताबा तो का मोठा होतो, हे वाचणारा स्वतःच मांडून पाहू शकतो. कवड्यांचा दरही तो देतो: दिनाराला ११५०. त्या मालदीवच्या कवड्या, आणि मालदीवला हाच माणूस काझी होता. दौलताबाद आणि गोवाही त्यानं पाहिलं होतं. बाजारभावावर त्याची नजर बसलेली होती.

मालीतही खाचखळगे आहेत. राजधानी नेमकी कुठे होती यावर एकमत नाही. इब्न बतूता आला तेव्हा मन्सा (म्हणजे राजा) सुलेमान गादीवर होता, म्हणजे राज्य कधीच वर आलेलं. राज्याचा संस्थापक सुंदियाता आणि १२३५च्या सुमाराची त्याची किरिनाची लढाई यांसाठी जेली या पिढीजात गायकांच्या तोंडी परंपरेकडेच जावं लागतं. मन्सा मूसाच्या १३२४च्या मक्का यात्रेनं कैरोत सोनं ‘कोसळलं’ हेही जपून घ्यावं: त्या काळचा अरबी लेखक अल-उमरी याच्या मते मिस्कालाचा भाव पंचवीस दिरहमांवरून (दिरहम म्हणजे चांदीचं नाणं) बावीसच्या आसपास आला, आणि बारा वर्षांनंतरही तिथेच होता.

तरीही आधी इब्न बतूता, मग अल-उमरी, आणि ओझ्यांचे भाव हाताशी घेऊन शेवटी अल-बक्रीची जकात, असा क्रम लावला तर घानाही जास्त चांगला समजेल असं वाटतं.